फोटोतला तो साय यंग नाही, पण फोटो जपून ठेवा

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसजवळ राहणाऱ्या एका ताईंनी इस्टेट सेलमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे, ३५ डॉलरला बेसबॉल टीमचा एक जुना फोटो घेतला. जाड करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे, दहा खेळाडू, एक गोल डर्बी हॅटवाला माणूस, आणि पुढे गवतावर मांडी घालून बसलेलं दहा-बारा वर्षांचं पोरगं. शर्टावर डाव्या छातीवर इंग्रजी ‘सी’ अक्षर. मागे पेन्सिलने लिहिलंय "साय, कँटन". विकणाऱ्याने सांगितलं की मागच्या रांगेत उजवीकडून दुसरा तो साय यंग, बेसबॉलमधला तो गाजलेला पिचर (पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बॉलर), १८९० साली तो ओहायोतल्याच कँटन शहराच्या टीमकडून खेळायचा, म्हणजे बघा तुमच्या हाती काय घबाड लागलंय. ताईंनी चार स्कॅन पाठवलेत आणि विचारलंय की हा खरंच तो आहे का, नसेल तर कोण, आणि मुळात असं ओळखतात तरी कसं.

पहिल्याचं उत्तर एका शब्दात, नाही. दुसऱ्याचं, अजून माहीत नाही पण सापडू शकतं. तिसऱ्याचं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची साताऱ्याची, गेली अठरा वर्षं न्यू जर्सीत जुन्या काचेच्या निगेटिव्ह आणि खेळाचे फोटो बघून त्यांची नोंद करायचं काम करते, आधी हौस म्हणून आणि आता थोडेफार पैसेही मिळतात. एवढ्या वर्षांत एक सवय अंगात मुरली ती म्हणजे चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा. लोक नेमकं उलटं करतात. फोटो हातात आला की आधी चेहरा, मग गूगलवर साय यंगचा फोटो, मग दोन्ही शेजारी ठेवून "अगं नाक बघ की, सेम टू सेम". आपल्याकडे लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये आत्या एखाद्या बाईवर बोट ठेवते आणि ठामपणे सांगते ही ताराकाकू, आणि नंतर कळतं की ताराकाकू त्या लग्नाला आल्याच नव्हत्या, बाळंतपणाला माहेरी होत्या. आत्याने चेहरा बघितला, तारीख बघितली नाही. १८८० च्या दशकातल्या खेळाडूंचं तर विचारूच नका, प्रत्येकाला त्या वळवलेल्या मिशा, मधोमध भांग, कपाळावर टोपीची सावली. दहातले चार जण एकमेकांचे भाऊ वाटतात.

म्हणून मी आधी वस्तू बघते, म्हणजे फोटो कशावर आहे, किती मोठा आहे, पुठ्ठा कसला आहे. चांदीच्या आरशासारखा चकाकणारा, हलवला की कधी दिसणारा कधी नाहीसा होणारा तो डॅगेरोटाइप, १८४० आणि ५० च्या दशकातला. काचेवरचा अँब्रोटाइप १८५० च्या मध्यापासून पुढचा. लोखंडी पत्र्यावरचा तो टिनटाइप, १८५६ नंतरचा, नाव टिनचं आहे पण पत्रा लोखंडाचा असतो त्यामुळे शंका आली तर फ्रिजवरचं मॅग्नेट मागच्या बाजूने हळूच लावून बघा, चिकटलं तर टिनटाइप. कागदी फोटो पुठ्ठ्यावर लावलेला छोटा, साधारण अडीच बाय चार इंच असेल तर कार्त द व्हिजित, अमेरिकेत १८६० च्या आसपास त्याचं वेड पसरलं. मोठा, सव्वाचार बाय साडेसहा, तो कॅबिनेट कार्ड, १८६० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे. आणि कार्ताच्या मागे सरकारी टॅक्सचं तिकीट चिकटवलेलं असेल तर देवच पावला, कारण अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा खर्च भागवायला फोटोंवर लावलेला तो कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच होता. दोन वर्षांच्या आत फोटो येऊन बसतो, चेहरा न बघता. फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेला असेल आणि मागची बाजू मधे रेघ मारून पत्ता आणि मजकूर अशी वाटलेली असेल तर तो मार्च १९०७ च्या आधीचा नाही.

तुमचा फोटो यातल्या जुन्या कुठल्याच प्रकारात बसत नाही. साधारण आठ बाय दहाचा प्रिंट, मॅट करडा पुठ्ठा, कडेला दाबून उठवलेली नक्षी, सोनेरी काठ नाही. हा पुठ्ठा बघूनच माझ्या मनात १८९० वर काट बसली होती, पण पुठ्ठ्यावरून सालाची पैज मी लावत नाही कारण जुना फोटो नंतर नव्या पुठ्ठ्यावर लावून घ्यायचेही लोक. म्हणून पुढे.

इथे एक आडवळण घेते कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. डॅगेरोटाइप आणि टिनटाइप यात निगेटिव्ह नसतेच, कॅमेऱ्यातली पाटी तीच फोटो, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. डावा उजवा होतो. बिली द किड डावखुरा होता हा समज कितीतरी वर्षं चालला तो ह्याच कारणाने, त्याचा तो प्रसिद्ध फोटो टिनटाइप होता. हे मला पाठ होतं. तरीही सुरुवातीच्या काळात एका टिनटाइपमधला बॉल डाव्या हातात धरलेला तरुण मी "डावखुरा पिचर" म्हणून नोंदवला, मग त्या काळातले डावखुरे पिचर शोधत बसले, एक नाव सापडलं, चेहराही जुळल्यासारखा वाटला (वाटणारच, वाटून घ्यायचं ठरवलं होतं ना), तीन पानी टिपण लिहिलं. एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे मदतीला यायचे, त्यांनी भिंग लावून बघितलं आणि एवढंच विचारलं, जॅकेटची बटणं कुठल्या बाजूला आहेत? पुरुषांच्या कपड्यात घालणाऱ्याच्या डाव्या बाजूची पट्टी वर येते, आणि माझ्या तरुणाची उजवीकडची वर होती. म्हणजे तो उजव्या हाताचा, म्हणजे तीन पानं कचऱ्यात. तेव्हापासून कान पकडले. आणि हे फक्त जुन्या पाट्यांचं नाही हं, निगेटिव्ह उलटी ठेवून छापली तरी तेच होतं, खेळाडूंची कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९५७ च्या कार्डावर उजव्या हाताचा बॅटर हँक आरन डाव्या बाजूने बॅटिंग करताना दिसतो, शर्टावरचा ४४ सुद्धा उलटा, आणि तरी कार्ड छापून बाजारात गेलं. तुमच्या फोटोत सी सरळ आहे, बटणंही बरोबर बाजूला आहेत, तेव्हा ही भानगड नाही.

आता कपडे आणि सामान, आणि इथेच तुमच्या साय यंगचा निकाल लागतो. तिसरा स्कॅन उघडा आणि खाली त्या पोराच्या उजव्या गुडघ्याजवळ बघा. मास्क पडलाय, त्याच्या मागे छाती झाकायचं फुगीर पॅड, आणि त्याला टेकून दोन लांबट, वर गुडघ्यासाठी वाटीसारखा भाग असलेल्या वस्तू. तुम्ही लिहिलंय "बहुतेक बूट". बूट नाहीत ते, कॅचरचे (म्हणजे बेसबॉलमधल्या विकेटकीपरचे) शिनगार्ड आहेत, आपल्या क्रिकेटच्या पॅडचे धाकटे भाऊ. मास्क १८७७ च्या आसपास आला, छातीचं पॅड १८८० च्या दशकात, पण शिनगार्ड मोठ्या लीगमध्ये उघडपणे घालून उतरला तो न्यूयॉर्क जायंट्सचा रॉजर ब्रेस्नहान, १९०७ च्या सीझनला, आणि लोकांनी त्याची टर उडवली. तेव्हा गावातल्या टीमच्या सामानात शिनगार्ड पडलेत म्हणजे फोटो १९०७ च्या नंतरचाच. १८९० गेलं उडत.

दुसरं टोकही बघू. शर्टाची कॉलर आडवी पडलेली नाही, आखूड आणि उभी आहे, आपल्या नेहरू जॅकेटसारखी. १८९० च्या आसपास शर्टाला मोठी पडती कॉलर आणि बऱ्याचदा बटणांऐवजी नाडी असायची. ही उभी कॉलर १९०६-०७ च्या पुढे दिसायला लागते आणि १९१० च्या दशकात हळूहळू जाते. ग्लोव्ह बघा, मधल्या रांगेत डावीकडच्याने मांडीवर ठेवलाय, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे नुसती चामड्याची पट्टी, नाड्यांची विणलेली जाळी नाही, ती जाळीवाली बिल डोकच्या नावाची रचना १९२० च्या सुमारास आली. म्हणजे १९०७ ते १९२०, आणि कॉलर धरली तर साधारण १९०८ ते १९१५. यातली खालची मर्यादा पक्की, वरची मऊ. कारण गावच्या टीम मोठ्यांचे उतरलेले युनिफॉर्म वर्षानुवर्षं घालायच्या, थोरल्याची हाफ चड्डी धाकट्याला तसं. म्हणून फोटोतली सगळ्यात नवीन वस्तू शोधायची, जुनी वस्तू काहीही सांगत नाही.

मोठ्या लीगच्या फोटोंना हे काम सोपं जातं, कारण युनिफॉर्म दरवर्षी बदलायचे आणि त्याची नोंद आहे. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेम या म्युझियमने विसाव्या शतकातल्या युनिफॉर्मचा वर्षवार चित्रांचा साठा ऑनलाइन ठेवलाय, तो मी दिवसातून दहा वेळा उघडते. जायंट्सच्या छातीवर शहराचं नाव नसून "वर्ल्ड्स चॅम्पियन्स" असं लिहिलेलं दिसलं की १९०६, कारण आधीच्या वर्षी जिंकल्याचा माज त्यांनी शर्टावर शिवला होता. बाहीवर बेसबॉलच्या शतक महोत्सवाचा बिल्ला असेल तर १९३९, तो सगळ्याच टीमनी लावला. क्लीव्हलँडच्या दंडावर काळी पट्टी असेल तर १९२० चा ऑगस्ट किंवा त्यानंतरचे महिने, त्यांचा खेळाडू रे चॅपमन डोक्याला बॉल लागून गेला तेव्हाची. पाठीवर नंबर असेल तर बहुतेक १९२९ च्या पुढचा, त्या वर्षी न्यूयॉर्क यांकीजनी बॅटिंगच्या क्रमाने नंबर दिले म्हणून बेब रूथ ३ आणि लू गेरिग ४. होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो ती जमिनीतली लादी, दिसत असेल तर तीसुद्धा बोलते, चौकोनी असेल तर साधारण १८९९ पर्यंतची, पाच कोनी असेल तर १९०० किंवा पुढची. गावच्या मैदानावर चौकोनी लादी पुढेही राहिली असेल, पण पाच कोनी आधी येऊ शकत नाही.

रंगाबद्दल एक सावधगिरी. तेव्हाच्या फोटोप्लेटना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही आणि निळा फार दिसायचा. त्यामुळे लाल मोजे काळेकुट्ट येतात, फिकट निळी पट्टी पांढऱ्यात विरघळते, निळे डोळे एकदम पांढुरके भुतासारखे दिसतात आणि उन्हात लाल झालेली गोरी कातडी सावळी दिसते. "याचे डोळे घारे आहेत" किंवा "हा काळे मोजे घालतो म्हणजे अमुक टीम" असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते आणि प्लेट कुठली होती ते विचारते. तुमच्या फोटोतला तो सी काळा दिसतोय, तो लाल असायची शक्यता तेवढीच आहे.

बरं, आता साय यंग. १८६७ मध्ये ओहायोतच जन्मलेला, खरं नाव डेंटन ट्रू यंग, १८९० ला कँटनकडून खेळला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या टीममध्ये गेला. इथपर्यंत विकणाऱ्याचं बरोबर आहे. पण फोटो १९०७ नंतरचा म्हटल्यावर तेव्हा हा माणूस चाळिशीचा. विकणारा हुशार असेल तर म्हणेल की १९०९ ते १९११ तो परत क्लीव्हलँडलाच होता, आणि क्लीव्हलँडचाही सी च की! हो, पण तेव्हा तो ४२ ते ४४ चा, सहा फूट दोन इंच, अंगाने चांगला भरलेला आणि पोट सुटलेला गृहस्थ होता, आणि तुमचा उजवीकडून दुसरा जेमतेम बाविशीचा, हडकुळा, शेजारच्यापेक्षा बोटभर बुटका. शिवाय क्लीव्हलँडच्या टीम फोटोत त्यांचा स्टार खेळाडू नॅप लाजवे दिसला पाहिजे, कारण टीमला "नॅप्स" हे नावच त्याच्यावरून पडलेलं, आणि तुमच्या दहात तो नाही. बघा, आत्ताही मी चेहऱ्यावर आले नाही, नुसतं वय आणि उंची. माणूस तोच आहे हे सिद्ध करायला महिने जातात, नाही हे बहुतेक वेळा एका संध्याकाळी होतं, म्हणून मी कायम नाही पासून सुरू करते.

मग पेन्सिलीचं काय? पेन्सिल खोटं बोलते असं नाही, पण ती कुणी, कधी, कशाला धरली ते माहीत नसतं. साय हे त्या काळी खेडवळ पोराला सर्रास पडणारं टोपणनाव होतं. यंगला ते चक्रीवादळावरून, म्हणजे सायक्लोनवरून पडलं असं सांगतात, आणि तो गाजल्यावर तर जोरात बॉल टाकणारा शेतकऱ्याचा प्रत्येक पोरगा साय झाला. मोठ्या लीगमध्येच बघा, साय सेमूर, साय मॉर्गन, साय फाल्केनबर्ग, साय बार्जर, साय विल्यम्स. आपल्याकडे एके काळी गल्लीतला प्रत्येक बुटका बॅट्समन गावसकर होता तसं. तेव्हा "साय, कँटन" याचा अर्थ "आमचा साय, जो पुढे कँटनला राहायला गेला" असाही होऊ शकतो आणि मला तोच जास्त पटतो.

छापील नावांवरही माझा भरवसा नाही. १९०९ ते ११ च्या टी-२०६ नावाच्या सिगारेट कार्डांचंच घ्या, ज्यातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड कोट्यवधींना जातं. त्यात शेरी मॅगी या खेळाडूच्या नावाचं स्पेलिंग चुकलं, आणि जो डॉयल हा न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगच्या टीमचा पिचर, त्याच्या कार्डावर चुकून नॅशनल लीग छापलं कारण तिकडे जायंट्समध्ये लॅरी डॉयल होता. एकच शहर, एकच आडनाव, त्याच काळातली दोन माणसं, झाला घोळ. १९६९ मध्ये टॉप्सने खेळाडू ऑरेलिओ रॉड्रिगेझ म्हणून ज्याचा फोटो छापला तो टीमचा बॅटबॉय, म्हणजे बॅटा उचलणारा पोरगा, निघाला! मॉडर्न कॅमेरे, मॉडर्न ऑफिस, तरी. पेपरांना फोटो पुरवणाऱ्या न्यूयॉर्कच्या बेन न्यूज सर्व्हिसच्या काचेच्या निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत, त्यावर नाव काचेवरच हाताने लिहिलेलं असतं, नुसतं आडनाव आणि टीम, घाईत, स्पेलिंग रामभरोसे. २००८ पासून त्या फ्लिकर या फोटोंच्या साइटवर टाकायला सुरुवात झाली आणि जगभरच्या हौशी लोकांनी बसून कोण, कुठलं मैदान, कुठली तारीख ते शोधून काढायला सुरुवात केली, मीही त्याच गर्दीत हे काम शिकले. तिथे एक स्वीनी आला की आधी विचारायचं, बोस्टनचा बिल स्वीनी की न्यूयॉर्कचा कॅचर एड स्वीनी? कॅचरची बोटं बघा, त्या काळच्या कॅचरची बोटं वाकडीतिकडी झालेली असतात. हातांवरून मला चेहऱ्यापेक्षा जास्त वेळा उत्तर मिळालंय. मॉर्डेकाय ब्राऊनला तर "तीन बोटांचा ब्राऊन" म्हणायचे, लहानपणी शेतावरच्या यंत्रात उजव्या हाताची तर्जनी गेलेली, तो हात दिसला की ओळख पटली, फक्त फोटो उलटा छापलेला नाही ना तेवढं बघायचं.

आणि मग सगळ्यात शेवटी, उमेदवार दोन-तीनच उरले की, चेहरा. त्यातही नाक-डोळे नाही, कान. कानाची वरची कड कशी वळते, आतली घडी एक की दोन फाटे फुटलेली, पाळी गालाला चिकटलेली की सुटी लोंबणारी, कान डोक्यापासून किती बाहेर. मिशी काढता येते, केस जातात, माणूस वीस किलो वाढतो, कानाची घडी तशीच राहते. पाळी मात्र वयाबरोबर लांबते, नाकही थोडं वाढतं, तेव्हा लांबीवर जाऊ नका, आकारावर जा. माझी आजी पोरांचे कान बघून "हे आमच्या घरचे नाहीत, आईकडचे आहेत" सांगायची, तेच शास्त्र. दोन्ही फोटोंत डोकं साधारण त्याच कोनात पाहिजे, नाहीतर तुलना करू नका. कान पक्का वेगळा दिसला की उमेदवार बाद, पण कान जुळला म्हणून लगेच तोच असं नाही, जुळणारे कान हजारो असतात.

ते चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर वापरू का असंही तुम्ही विचारलंय. वापरा, पण त्याला सगळ्या जगाचे फोटो देऊन "कोण आहे सांग" म्हणू नका, ते कुणीतरी सांगणारच, त्याचं कामच ते. टोपीच्या सावलीतला, नखाएवढा, शंभर वर्षं पिवळा पडलेला चेहरा त्याला दिला की ते ऐंशी टक्के जुळतंय म्हणून मोकळं होतं आणि मग लोक त्या ऐंशीला देव मानतात. टीमची यादी हातात असताना त्यातल्या बारा जणांमधे निवड करायला त्याचा उपयोग होतो, एवढंच.

आता तुमच्या फोटोचं पुढे काय करायचं. मैदान बघा. मोठ्या मैदानांचे फोटो असते तर एका खांबावरून साल लागलं असतं, बोस्टनच्या साउथ एंड ग्राउंड्सचे ते किल्ल्यासारखे मनोरे १८८८ ते १८९४ च्या आगीपर्यंतच होते, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सचं लाकडी स्टँड एप्रिल १९११ ला जळालं. तुमच्याकडे नुसतं लाकडी कुंपण आहे. पण चौथ्या स्कॅनमधे डावीकडे, डर्बी हॅटच्या मागे, कुंपणावर जाहिरात रंगवलेली आहे. मी ती वाढवून, काळं-पांढरं ताणून बघितली. वरच्या ओळीचा शेवट "...लर ब्रदर्स", खाली "फर्निचर", आणि त्याखाली "फोन ४७". हा फोन ४७ मला त्या कथित साय यंगपेक्षा कितीतरी आवडला! दोन आकडी नंबर म्हणजे छोटं गाव, जिथे ऑपरेटर बाई सगळ्यांना नावाने ओळखत असणार. १९१० मध्ये कँटनची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती, तिथल्या जाहिरातीत मला मोठा नंबर अपेक्षित आहे. हा पुरावा नाही, पण कल नक्की आहे, सी म्हणजे कँटन नसून सी ने सुरू होणारं दुसरंच छोटं गाव, किंवा गावातली एखादी फॅक्टरी, तेव्हा कारखान्यांच्याही टीम असायच्या.

तर शोध असा. पुठ्ठ्यावर खाली उजवीकडे स्टुडिओचं नाव दाबून उठवलेलं दिसतंय पण स्कॅनमधे ते येत नाही, स्कॅनरचा उजेड सरळ पडतो ना. खोली अंधारी करा, टॉर्च अगदी आडवा धरा, पुठ्ठ्याला जवळजवळ टेकवून, आणि मोबाइलने फोटो काढा, अक्षरांच्या सावल्या पडतील आणि नाव वाचता येईल. गावाचं नाव बहुतेक तिथेच असणार. मग त्या गावाच्या जुन्या डिरेक्टरीत तो स्टुडिओ आणि ते फर्निचरवाले कुठल्या कुठल्या वर्षी आहेत ते बघायचं, दोन्ही एकत्र असलेली वर्षं म्हणजे तुमची खिडकी. मग वर्तमानपत्रं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिकलिंग अमेरिका हा जुन्या पेपरांचा ऑनलाइन साठा फुकट आहे, आणि तुम्ही तर कोलंबसच्या दारात, ओहायो हिस्ट्री कनेक्शन या इतिहास संस्थेचं मुख्य ठिकाण तिथेच आहे, त्यांच्या ओहायो मेमरी या साइटवर गावोगावचे जुने पेपर स्कॅन केलेले सापडतात. उन्हाळ्यातले सोमवारचे अंक आधी काढा, रविवारच्या मॅचचा बॉक्स स्कोअर, म्हणजे खेळाडूवार स्कोअरचा तक्ता, त्यात असायचा, नुसती आडनावं, पण पोझिशनसकट. खेळाचं सामान बनवणाऱ्या स्पाल्डिंग कंपनीच्या वार्षिक बेसबॉल गाइडमधेही छोट्या छोट्या टीमचे फोटो असायचे, प्रत्येकाच्या अंगावर नंबर आणि खाली नावं, तीही लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून ठेवलीत. त्यातले सगळे फोटो चाळायला एक आठवडा जाईल, पण मला तरी त्यात टीव्हीपेक्षा जास्त मजा येते.

हे सगळं पेपरांत नोंद राहिलेल्या, बहुतेक गोऱ्या टीमच्या बाबतीत चालतं. निग्रो लीगच्या, म्हणजे वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या असलेल्या लीगच्या, फोटोंना ही सोय नाही, मोठ्या पेपरांनी त्यांच्या मॅच क्वचितच छापल्या, शिकागो डिफेंडर किंवा पिट्सबर्ग कुरिअरसारख्या कृष्णवर्णीयांच्या पेपरांत जे आलं बहुतेक तेवढंच, त्यामुळे तिथे कागदाआधी माणसं गाठावी लागतात. पिट्सबर्ग कुरिअरचा फोटोग्राफर टीनी हॅरिस याच्या जवळजवळ ८० हजार निगेटिव्ह पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमने घेतल्या तेव्हा त्यातली माणसं ओळखायला वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाच बोलावून फोटो दाखवले. तुमच्या फोटोतलं कुणी आता हयात असायची शक्यता नाही, पण नातवंडं असतील.

त्यावरून आठवलं, एक काम आजच करा, बाकी सगळं नंतर. इस्टेट सेल कुणाच्या घरी होता? त्या घराचं आडनाव काय? असले फोटो घरात उगाच येत नाहीत, फोटोतल्या कुणाचं तरी ते घर असतं, बहुतेक वेळा मधल्या खेळाडूंचं नसतं तर त्या पुढे बसलेल्या पोराचं असतं, कारण शंभर वर्षं फोटो जपायला जास्त वर्षं उरलेली असतात ती त्याच्याकडे. विकणाऱ्याकडे पावती असेल, निदान पत्ता तरी असेल. आडनाव कळलं की मला कळवा, आणि टॉर्चवाला फोटोही पाठवा, पुठ्ठ्याची कड कापून फ्रेममधे घालायचा विचार असेल तर तेवढं मात्र करू नका.